सांडवा

"मामा, पण हा खरा धबधबा नाहीये ना."

भाची हे म्हणाली तेव्हा आम्ही नळदुर्ग किल्ल्यातल्या पाणी महालात, बंधाऱ्याच्या भिंतीच्या पोटातल्या त्या दगडी खिडकीपाशी उभे होतो. समोरून पाणी कोसळत होतं. आवाज इतका की तिला माझ्या कानाजवळ येऊन तेच वाक्य पुन्हा म्हणावं लागलं, आणि दुसऱ्यांदा म्हणताना तिने कारणही जोडलं. "म्हणजे बघ ना, धरणाचा ओव्हरफ्लो आहे हा. भिंत काढली तर नुसती नदीच उरेल." ती पुण्यात वाढलेली. पावसाळ्यातले ताम्हिणीचे, माळशेजचे कडे तिने पाहिलेत, धुक्यातून सुटणाऱ्या पांढऱ्या धारा पाहिल्यात. तिच्या बोलण्यात तुच्छता अजिबात नव्हती. बारावीला शास्त्र शिकणारी मुलगी वस्तूला तिच्या नेमक्या नावाने हाक मारते, तशी ती बोलली. मी मान हलवली, "हो, तसंच आहे" म्हणालो आणि पुढे काही सुचलं नाही. पण परतताना इटकळ गेलं, बोरामणी गेली, सोलापूरचे दिवे दिसायला लागले तरी ते वाक्य आतच होतं. बाभळीचा काटा काढताना टोक मोडून आत राहतं आणि दिसत नाही, पण पाऊल टेकलं की कळतं, तसं.

तिचं म्हणणं चूक नव्हतं, म्हणूनच ते जास्त लागलं.

आमच्या घरी 'सांडणं' हा शब्द कधी चांगल्या अर्थाने वापरलेला मी ऐकला नाही. सोलापुरात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांनी पाणी येतं, तेही कधी रात्री दीडला, कधी पहाटे. घरातलं प्रत्येक भांडं त्या दिवसाची वाट पाहत बसलेलं. पिंप, घागरी, हंडे, कळशा, पातेली, शेवटी लोटे आणि तांबेसुद्धा. आई भरायची तेव्हा घागरीच्या काठाला बोट लावून बसायची. पाणी बोटाला लागलं की एका हाताने घागर बाजूला आणि दुसऱ्या हाताने हंडा नळाखाली, मध्ये एक थेंब जमिनीवर नाही. तांदूळ धुतलेलं पाणी कुंड्यांना, भाजी धुतलेलं पाणी अंगणात मारायला, अंघोळीचं पाणी मोरीतून परसातल्या पपईच्या आळ्यात. आमच्या हातून तांब्या कलंडला की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "सांडायलास काय?" त्या दोन शब्दांत राग कमी आणि दुखणं जास्त असायचं. दूध सांडलं तर ती एवढं मनाला लावून घेत नसे.

आणि वर्षातून एकदा, पाऊस चांगला झाला तर, तीच आई आम्हाला सांडणारं पाणी बघायला न्यायची.

बातमी कशी यायची कोण जाणे. तेव्हा फोन नव्हते. हैदराबाद रोडच्या एसटीतून कुणीतरी उतरायचं आणि म्हणायचं, "नर-मादी चालू झालंय." एवढंच. नर-मादी म्हणजे किल्ल्याच्या बंधाऱ्यावरून पडणाऱ्या दोन धारा. मग रविवारी कडक भाकरी, शेंगाचटणी, दह्याचा डबा आणि पाण्याची बाटली घेऊन अर्धी गल्ली स्टँडवर. आमच्या भागात पाऊस येतो तोच उशिरा. आषाढ कोरडा जातो, श्रावणात नुसते ढग वाहतात, आणि खरा पाऊस भाद्रपदात, परतीच्या वाटेवर असताना पडतो. वर्षाला सरासरी साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर. महाबळेश्वरला याच्या दहापट पडतो, तेही पडून मोकळं होतं. आमचा पाऊस मात्र बोरी नदीत येऊन वरचं धरण भरणार, तिथून निघून किल्ल्यातल्या बंधाऱ्यापर्यंत पोचणार, तोही काठोकाठ भरणार आणि मग कुठे नर-मादीला धार सुटणार. काही वर्षं सुटायचीच नाही. एकदा सलग दोन वर्षं आम्ही डबे बांधले नाहीत.

लहानपणी मला वाटायचं, नळदुर्ग म्हणजे नळाचा दुर्ग. जिथे नळाला सतत पाणी असतं असा किल्ला. नळ राजाची, नळ-दमयंतीची गोष्ट जोडलेलं नाव आहे ते, हे नंतर कळलं. पण पहिली समजूत काही पुसली गेली नाही. अजूनही ते नाव ऐकलं की मला आधी पितळेची तोटी दिसते.

धबधबा कसा होतो हे भाचीला तोंडपाठ आहे, तिनेच मला गाडीत समजावून सांगितलं. आपला सगळा काळा पत्थर साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसातून आलेला, थरावर थर. एखादा थर लोखंडासारखा कठीण, त्याच्याखालचा भुसभुशीत, भोकाभोकांचा, कुठे लाल मातीसारखा. नदी मऊ थर कोरत जाते, वरचा कठीण थर छज्जासारखा पुढे राहतो, पाणी त्या छज्जावरून उडी घेतं. मग कधीतरी छज्जा तुटतो आणि धबधबा एक पाऊल मागे सरकतो. सह्याद्रीला कडे आहेत, पाऊस आहे, म्हणून तिकडे वळणावळणाला धबधबे. आमच्याकडे दगड तोच, पण जमीन पूर्वेकडे हलके हलके उतरत गेलेली. सगळ्या उड्या घाटाजवळ मारून झाल्यावर नदी आमच्यापर्यंत येते ती चालत. ज्वारीच्या आणि तुरीच्या रानांमधून, काळ्या मातीच्या काठांमधून, थकल्यासारखी. बोरीही तशीच, बालाघाटाच्या अंगावरून उतरते, नळदुर्गला वळसा घेते, पुढे अक्कलकोट तालुक्यातून जाऊन भीमेला मिळते. या मुलखात पाण्याला पडायला जागाच नाही.

दगड होता, पाणी होतं, फक्त कडा नव्हता. तो माणसांनी रचला.

विजापूरच्या इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, १६१३ साली, मीर इमादीन नावाच्या स्थापत्यकाराने हा बंधारा बांधला. मुख्य किल्ला एका बाजूला, रणमंडळ नावाचा छोटा जोडकिल्ला दुसऱ्या बाजूला आणि मध्ये नदी. बंधाऱ्याने दोन्ही काठ जोडले. भिंतीवरून एका किल्ल्यातून दुसऱ्यात जाता येतं, पाठीशी पाणी साठतं आणि वेढा पडला तरी आतली माणसं तहानेने मरत नाहीत. कोरड्या मुलखातले किल्ले तोफांइतकेच तहानेनेही पडतात, त्यामुळे यातलं काहीच हौसेचं नव्हतं. हौस त्याच्या पुढे सुरू होते. त्या माणसाने भिंतीच्या जाडीत जिना उतरवला, पोटात महाल कोरल्यासारखा बसवला, नदीच्या उताराच्या बाजूला खिडकी ठेवली, आणि भिंतीच्या माथ्यावर पाण्याला बाहेर पडायला दोन जागा नेमून दिल्या. लोकांनी त्यांना नर आणि मादी म्हटलं. आत फारसी शिलालेख आहे, या महालावर नजर पडली की मित्राचे डोळे उजळतील आणि शत्रूच्या डोळ्यांपुढे अंधारी येईल, अशा अर्थाचा. लढाईच्या वस्तूवर डोळ्यांविषयी लिहिलेलं मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. हा इब्राहिम गाण्याचा वेडा होता. भिंत कशी वाजेल याचा विचार कुणीतरी केला असेल, असं मला त्या खिडकीत उभं राहिल्यावर दर वेळी वाटतं.

आता आईविषयी सांगतो, कारण तिच्याशिवाय ही गोष्ट मला सांगता येणार नाही.

१९७२ च्या दुष्काळात ती सोळा-सतरा वर्षांची होती, माहेरी होती. जिल्ह्यातल्या पुष्कळ गावांसारखं त्यांच्या गावातही काम निघालं, पाझर तलावाचं. घरातली सगळी धडधाकट माणसं कामावर. आधी खडी फोडली, मग तलावाच्या बांधावर माती टाकली. मदतीची कोरडी सुकडी मिळायची ती भावंडांत वाटून खायची, मिलो नावाच्या परदेशी ज्वारीच्या तांबड्या भाकरी घशाखाली उतरायच्या नाहीत. या गोष्टी ती कधी ओळीने सांगत नसे. पण बांधाविषयी विचारलं की बोलायची. मधला गाभा काळ्या चिकणमातीचा, ती पाणी धरते. दोन्ही अंगांना मुरूम. थर टाकायचा, पाणी मारायचं, धुम्मसाने चोपायचं, मग दुसरा थर. पाण्याच्या बाजूला दगडाचं पिचिंग. "वीत-वीतभर वर चढवला आम्ही," ती तळहात उताणा धरून सांगायची. तिच्या उजव्या हाताच्या अंगठ्याजवळ खडीची चीप उडून लागलेला व्रण होता, पांढरा, तांदळाच्या दाण्याएवढा. त्या कामांतूनच पुढे रोजगार हमी योजना आली, १९७७ साली तिचा कायदा झाला, वगैरे मी शाळेत शिकलो. आईला त्यातलं फक्त घमेल्याचं वजन माहीत होतं.

तो तलाव एकच पावसाळा टिकला. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला, तलाव भरला, गाव नारळ घेऊन बांधावर गेलं. सांडवा, म्हणजे भरून वर आलेलं पाणी बाहेर जायची वाट, अरुंद ठेवला होता. रात्री पाणी चढलं, सांडव्याला झेपेना, बांधाच्या माथ्यावरून पाझरायला लागलं. मातीच्या बांधावरून पाणी वाहू लागलं की त्याला वेळ लागत नाही. आधी बोटभर चर, मग हातभर, मग माणूस जाईल एवढं खिंडार. सकाळी गाव बघायला गेलं तर मध्ये मोकळी जागा आणि खालच्या रानांत गाळ. कुणाचा जीव गेला नाही. पण आई म्हणायची, "आमची घमेली वाहून गेली." आपण घरी ज्याला सांडणं म्हणतो आणि बांधाच्या बाबतीत जे सांडणं असतं, ते एक नव्हे, हे तिला त्या वयात कळलेलं होतं. मला कळायला फार वर्षं लागली.

पहिल्यांदा ती नळदुर्गला आली ती लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, आम्हा दोघा भावंडांना घेऊन. मी नऊ वर्षांचा असेन. नर-मादी दोन्ही भरून वाहत होते. चहासारखं तांबूस पाणी, वरून गुळगुळीत वाकून येणारं आणि खाली जाता जाता फाटून पांढरं होणारं. लोक ओरडत होते, ओल्या दगडांवर मुलं घसरत होती, कुणी शेंगा फोडत होतं. मी आईकडे पाहिलं, कारण मला भीती वाटत होती की एवढं पाणी वाया चाललेलं बघून ती रागावेल. ती बंधाऱ्याच्या भिंतीपाशी गेली. काळ्या दगडावर तळहात ठेवला. मग वाकून दोन दगडांच्या सांध्यात बोट घालून पाहिलं, जाईना. "कुणी उचलले असतील हे?" ती म्हणाली. वडिलांनी आदिलशहाचं नाव सांगितलं. ती म्हणाली, "राजा न्हवं ओ, उचलले कुणी?" त्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच पाटीवर नाही, शिलालेखातही नाही. मग ती मागे सरकली, पदर डोक्यावर घेतला, धबधब्याकडे पुष्कळ वेळ पाहत राहिली, आणि म्हणाली, "नीट सांडायलंय बघ."

नीट सांडायलंय. आयुष्यात त्या एकदाच तिने सांडण्याला नीट म्हटलं.

भाचीला मी हे खिडकीपाशीच सांगायला हवं होतं. भिंत काढली तर नदीच उरेल, हे खरं. पण त्या दोन धारा काढल्या तर भिंत उरणार नाही, हेही तितकंच खरं. चारशे वर्षं बोरीला पूर येतायत. दगडी भिंत मातीच्या बांधासारखी एका रात्रीत जात नाही, पण पाणी मिळेल तिथून पडू लागलं तर खालचा पायथा खणत राहतं, आणि पायथा गेला की वरचं सगळं कधी ना कधी येतंच. इथे त्याला सांगून ठेवलंय, तू इथून आणि इथून जायचं. म्हणून भिंत उभी आहे आणि म्हणून धबधबा आहे. मीर इमादीनने सांडवा शोभेसाठी काढला नाही. जो काढावाच लागणार होता त्याच्यासमोर त्याने खिडकी ठेवली, माणसाला बसून बघायला जागा केली. मला या गोष्टीचं अप्रूप वाटतं, आणि ते दर खेपेला वाढत जातं.

त्या खिडकीचीच गोष्ट घ्या. वरून जिना उतरायला लागलं की आधी वटवाघळांचा वास येतो, मग गारवा, मग तळपायांना दगडाची थरथर लागते. डोळे अंधाराला सरावतात तोवर समोर एकदम उजेड, आणि त्या उजेडावर हलता पडदा. आपण धबधब्याच्या मागे असतो. आणि तरीही कोरडे असतो. हे कसं, ते मी पुष्कळ वेळा उभं राहून न्याहाळलंय. पाणी थोडं असतं तेव्हा ते भिंतीला धरून ओघळतं, शेवाळाच्या केसांवरून उतरतं, त्याला जोर नसतो. पण साठा वाढला, माथ्यावरून येणाऱ्या पाण्याचा वेग वाढला की धार भिंत सोडते. पुढे झेप घेते. भिंत आणि धार यांच्यामध्ये हवेची पोकळी तयार होते, त्या पोकळीत खिडकी. पाणी जितकं जोरात, तितकी ती पोकळी मोठी. वारा उलटा फिरला तर तुषार आत येतात, चेहऱ्यावर पिठासारखे बसतात, चष्म्याच्या काचा जातात. दुपारी ऊन तिरपं झालं की त्या तुषारांत इंद्रधनुष्याचा एक तुकडा दिसतो, अगदी हाताशी. बोट पुढे केलं की तो मागे सरकतो. भाचीने दहा मिनिटं त्याचेच फोटो काढले, एकही नीट आला नाही.

किल्ला पाण्यापेक्षा मोठा आहे, पण मला त्याची बाकीची अंगं पाण्याच्या निमित्तानेच आठवतात. नऊ पाकळ्यांचा नवबुरूज, उपळी बुरूज आणि त्यावरून दिसणारी सपाट, तापलेली रानं. त्या उंचीवरून बोरीचं वळण दिसतं आणि कळतं की एवढ्याशा हिरव्या पट्टीसाठी किती पिढ्या भांडल्या असतील. १८५३ साली निजामाने हा मुलूख इंग्रजांकडे दिला, तेव्हा मेडोज टेलर नावाचा अधिकारी इथे राहायला आला, आणि त्याने आपल्या आत्मचरित्रात नळदुर्गविषयी जीव लावून लिहिलं. १८६० मध्ये मुलूख पुन्हा निजामाकडे गेला. आमच्या आजोबांच्या तरुणपणी बोरामणीच्या पुढे गेलं की दुसरं राज्य लागायचं. ते मिलमध्ये होते. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापुराहून हैदराबादच्या रस्त्याने सैन्य निघालं, त्या ट्रकांची घरघर पहाटेच्या पाळीला जाताना ऐकल्याचं ते सांगत. पहिली चकमक नळदुर्गलाच झाली, आणि बोरीवरचा पूल न उडवता हाती लागला, म्हणून पुढचा रस्ता मोकळा झाला. "पूल ऱ्हायला म्हणून सगळं ऱ्हायलं," आजोबा म्हणत. तो सप्टेंबर होता. नर-मादी तेव्हा वाहत होते का, हे त्यांना विचारायचं माझं राहूनच गेलं.

आता किल्ला नीट राखलाय. बाग आहे, तिकीट आहे, सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग लागते. मला जुना किल्ला, बोराटीची झुडपं आणि शेळ्या असलेला, जास्त जवळचा वाटतो, पण तेव्हा तुळ्यांसारख्या वेली भिंतींत शिरलेल्या होत्या, हेही मला आठवतं. कुणीतरी सांधे भरायला हवेच होते. पूर्वी लोक ओल्या कठड्यावर बसायचे, आता अडवतात, ते चांगलंच आहे. गर्दीत आवाज फार होतो, गाण्यांचे स्पीकर असतात. पाणी मात्र त्या सगळ्याच्या वर ऐकू येतं.

एकदा मी मुद्दाम एप्रिलमध्ये गेलो होतो. आई गेल्यानंतरचा उन्हाळा. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला तळाशी हिरवट पाणी, त्यात बगळे. खिडकीसमोर पडदा नव्हता, नुसतं ऊन आणि खाली उघडे दगड. नर आणि मादी दोन कोरड्या खाचा. धार नसली की त्यांच्या कडा दिसतात. घासून घासून त्या गोल झाल्यात, पाट्याच्या मधल्या भागासारख्या, जिथे वरवंटा फिरून फिरून दगड मऊ होतो. मी पाणी महालातल्या त्या ओट्यावर बसलो. गार होतं. वर कुठेतरी पारवे घुमत होते. मला आईच्या पाझर तलावाची जागा आठवली. लहानपणी आजोळी गेलो की तिथून जायचो. दोन्ही बाजूंना बांधाची टोकं उभी आणि मधून पायवाट. त्या टोकांवर बोरी-बाभळी उगवलेल्या. गावातले लोक अजून त्या जागेला 'तळं' म्हणत. तिथे थांबून आई कधी काही बोलली नाही. फक्त त्या एका टोकावरचा पिचिंगचा एखादा निसटलेला दगड दिसला, तर पायाने सारून जागेवर ढकलायची.

आमच्या सोलापूरचं सगळं पाणी असंच आहे, कुणाच्या तरी हातांनी अडवलेलं. सिद्धरामेश्वरांच्या नावाचं तळं बाराव्या शतकातलं, गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या काठ्या तिथेच जातात. हिप्परग्याचा एकरूख तलाव १८७१ मध्ये पुरा झाला, आदिला नदीवर. आणि उजनी १९८० मध्ये, शंभरावर किलोमीटर लांब, जिच्यातून येणारा एक पाईप फुटला की अख्खं शहर घागरी मोजत बसतं. आयतं पडणारं पाणी आम्ही पाहिलेलंच नाही. म्हणून कदाचित मला ताम्हिणीचे धबधबे सुंदर वाटतात पण ओळखीचे वाटत नाहीत. तिथे उभा राहिलो की मी पाहुणा असतो. नळदुर्गला मी घरातला असतो. हे मला भाचीला पटवून द्यायचं नव्हतं, तिची ओळख वेगळ्या पाण्याशी आहे. पण निदान सांगायला हवं होतं.

त्या दिवशी आम्ही घरी पोचलो तेव्हा साडेआठ झाले होते. जेवणं झाली, गाद्या पडल्या. रात्री दीडच्या सुमाराला शेजारच्या काकूंनी कडी वाजवली, "पाणी आलंय ओ." मी उठलो, तर भाची आधीच जागी. इथे आल्यापासून तिला या रात्रींची गंमत वाटते. खालची टाकी भरली, मग मोटर लावली, आणि ती वर गच्चीवर टाकीपाशी जाऊन उभी राहिली, भरली की सांगायला. मी जिन्यात बटनाजवळ बसलो. आईची घागर कोपऱ्यात तशीच आहे, तांब्याची, काठाला जरा चेपलेली. शेजारी कुठेतरी पिंप भरल्याचा खोल आवाज येत होता. मी जिन्यातूनच तिला सांगायला लागलो. पाझर तलावाचं, धुम्मसाचं, अरुंद सांडव्याचं, आजीने भिंतीच्या सांध्यात बोट घातल्याचं. अंधारात तिचा चेहरा दिसत नव्हता, त्यामुळे सांगणं सोपं गेलं. ती मधे मधे विचारत होती. सांडवा किती रुंद ठेवायचा हे कसं ठरवतात? आजीच्या गावाचा कुणी हिशोब केला नव्हता का? आणि मग बराच वेळ काहीच नाही.

"मामा, भरली," ती वरून म्हणाली.

माझा हात बटनावर होता. टाकीच्या काठाजवळच्या पाईपातून पाणी सुटलं, गच्चीच्या कडेने खाली आलं आणि परसात, जिथे आईची पपई होती, तिथल्या फरशीवर पडायला लागलं. भाची कठड्यावर वाकून हात पुढे करून उभी होती. धार भिंतीला चिकटून येत होती, आणि मग मोटरचा जोर वाढला तशी ती भिंत सोडून पुढे झाली.

"सोडली बघ भिंत," ती म्हणाली.

मी आणखी थोडा वेळ थांबलो, मग मोटर बंद केली.